तापल्या डोक्याचा राजा आणि तीन फांद्या

समुद्रकाठी एक राजा होता, भानूराजा. मनानं चांगला, पण डोकं फार तापायचं. नुसतं म्हणायला नाही बरं का, खरंच तापायचं. रागावला की पगडीतून धूर यायचा. एकदा छोट्या रेवूनं, म्हणजे त्याच्या लेकीनं, लाडानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तर तिच्या तळव्याला टरटरून फोड आला. राणीनं लेकीला कडेवर घेतलं नि सरळ माहेरी निघून गेली.

मग राजानं वैद्य बोलावले. एकानं चंदनाचा लेप लावला, तो वाळून गळून पडला. एकानं ताकाची धार धरली, तर ताकाला उकळी फुटली. शेवटी बागेतली हौसा माळीण म्हणाली, "महाराज, डोंगरावर एक बोलणारी जास्वंद आहे. तिला विचारून येते."

हौसा डोंगर चढून गेली. जास्वंद लालभडक फुलली होती. ती म्हणाली, "फुलांचं तेल लावा, डोकं निवेल. पण माझी फुलं चालायची नाहीत. ज्याचं डोकं तापतं त्यानंच झाड लावायचं नि जगवायचं. तीन फांद्या देते. चौथी मागू नकोस."

हौसानं तीन फांद्या तिरक्या कापून आणल्या. राजानं पहिली लावली. लवकर वाढावी म्हणून घागरीवर घागरी ओतल्या. ती कुजली. मग दुसरी लावली. मुळं फुटली का, म्हणून हा रोज सकाळी उपटून बघायचा. ती वाळली. मग काय, पगडीतून धुराचा लोट निघाला.

"तुझी जास्वंदच खोटी," राजा म्हणाला. "चालती हो माझ्या राज्यातून."

हौसा जागची हलली नाही. "जाते, महाराज. पण ही शेवटची तरी एका जागी राहू द्या."

राजानं कुजलेली नि वाळलेली फांदी शेजारी शेजारी ठेवून बघितली. मग म्हणाला, "थांब. कशी लावू, सांग."

मग हौसानं सांगितलं तसं त्यानं केलं. खालची पानं काढली. माती, वाळू, शेणखत कालवलं, फांदी खोचली, कुंडी सावलीत ठेवली. उपटून बघावंसं वाटलं की हात पाठीमागे धरून येरझाऱ्या घालायचा. महिन्यानं एक पान आलं, नखाएवढं. मग कुंडी उन्हात गेली. मग कळ्या आल्या, मग फुलंच फुलं.

हौसानं पाकळ्या खोबरेल तेलात मंद आचेवर कढवल्या, तेल गाळलं, निववलं नि राजाच्या टाळूवर थापलं. पहिल्या दिवशी ते चरचरलं. दुसऱ्या दिवशी नुसतं कोमट झालं. तिसऱ्या दिवशी राजाला बसल्या बसल्या डुलकी लागली.

मग तेलाची कुपी घेऊन राजा सासुरवाडीला गेला. राणी दारात आली. तिनं रेवूला मागे ठेवलं नि आधी स्वतःचा हात राजाच्या डोक्यावर टेकवला. बराच वेळ काढलाच नाही.

"निवलं की," ती म्हणाली. मग तिथंच पायरीवर बसली, अंबाडा सोडला नि म्हणाली, "माझंही डोकं चार महिने ठणकतंय. लावा तेल."

राजा तिच्यामागे बसला नि हलक्या हातानं तेल जिरवू लागला. रेवू त्याच्या पाठीवर रेलून झोपली सुद्धा. तिघं सुखानं घरी आली, नि हौसाच्या बागेत घरोघरी वाटण्याइतक्या जास्वंदीच्या फांद्या झाल्या. आता तुम्हीही कूस बदला, पांघरूण ओढा नि डोळे मिटा बघू.