बसायचा मान

नेव्हाडा राज्यातल्या टॅलो स्प्रिंग या लहानशा गावाच्या चहूबाजूंना डोंगर आहेत, आणि ते जवळजवळ सगळे उघडे आहेत. राखाडी झुडपे, खडी, मधूनच एखादा जुना वाळलेला बुंधा. उत्तरेची एकच टेकडी मात्र पायथ्यापासून माथ्यापर्यंत गर्द हिरवी आहे. तिच्यावर पिनिऑन नावाची, पाइनच्या जातीतली बुटकी, गाठाळ झाडे आहेत. काही इतकी जुनी, की एका माणसाच्या कवेत मावत नाहीत. महामार्गावरून जाणाऱ्या गाड्या इथे थांबतात आणि उतरलेला माणूस हमखास विचारतो, की झाडे इथेच कशी राहिली?

उत्तर द्यायचे काम बहुधा रोझलीन बर्नास्कोनी यांच्यावर येते. त्यांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली. आता पेट्रोल पंपाशेजारच्या दोन खोल्यांच्या संग्रहालयाची किल्ली त्यांच्याकडे असते. आईकडून त्या शोशोनी, म्हणजे या मुलखाच्या मूळ लोकांपैकी. वडिलांकडचे लोक आल्प्सच्या इटालियन बोलणाऱ्या दऱ्यांमधून आलेले.

"झाडं ज्यांची तेही आमचेच आणि कुऱ्हाड ज्यांची तेही आमचेच," त्या म्हणतात. "म्हणून मी कुणाची बाजू घेत नाही. उन्हात काय उभे राहिलात, सावलीत या."

मग त्या सांगू लागतात.

फार वर्षांपूर्वी या डोंगरांत चांदी सापडली. चांदीचा दगड वितळवायला भट्ट्या उभ्या राहिल्या, भट्ट्यांना कोळसा लागला आणि कोळशाला लाकूड. खाणीत उतरायला इंग्लंडच्या टोकाचे लोक आले. कोळसा पाडायला आल्प्सचे आले. रेल्वेचे रूळ टाकून झाल्यावर काही चिनी इथेच राहिले आणि भाजीपाला पिकवू लागले. शोशोनी कुठूनच आले नव्हते. ते इथेच होते.

पिनिऑनच्या शंकूंमध्ये, म्हणजे खवल्याखवल्यांच्या लाकडी फळांमध्ये, आपल्याकडच्या चिलगोज्यासारखे दाणे असतात. शरद ऋतूत शोशोनी कुटुंबे लांब काठ्यांनी ते झोडपून काढत, भाजत, दळत आणि हिवाळाभर त्याची पेज पीत. ज्या वर्षी दाणा नाही, त्या वर्षी म्हातारी माणसे आणि तान्ही मुले वसंत पाहत नसत.

त्या काळी इथे एक शोशोनी बाई होती. गोरे तिला विनी म्हणत. तिचे खरे नाव घरचे आजही परक्यांपुढे घेत नाहीत. तिची आई थकलेली होती आणि मूल अंगावर पिणारे होते. आधी दक्षिणेचा डोंगर बोडका झाला, मग पूर्वेचा. दर खेपेला तिच्या माणसांनी पाल उचलून पुढच्या डोंगरावर नेले. शेवटी उत्तरेची टेकडी तेवढी उरली. आणि एका सकाळी तिच्या पायथ्याशी कोळशेवाल्यांनी तळ टाकला.

त्या दिवसापासून विनीला एका जागी बसवेना, असे सांगतात. टोपली विणायला घेई, दोन फेरे विणून उठे. मुलाला झोपवता झोपवता तीच दारात जाऊन उभी राही. झाडांवरचे शंकू हिरवे आणि घट्ट मिटलेले होते. दाणा फोडला तर आत नुसते दूध. दाणा पिकून शंकू उघडतात ते पहिले हिव पडल्यावर. त्याला अजून बराच अवकाश होता, आणि खाली कुऱ्हाडींना धार लागत होती.

ती टोळीच्या मुकादमाकडे गेली. त्याचे नाव तोमासो, पण सगळे त्याला कापो म्हणत. मग ती टेकडीच्या उतारावर कोळशाच्या राशीपाशी गेली. पूर्वेच्या डोंगरावरून आणलेले ओंडके उभे रचून, वर झुडपे घालून, मातीने लिंपलेली ती रास घराएवढी उंच होती आणि आतून धुमसत होती. तिच्याभोवती एक काटकुळा माणूस हातात लांब काठी घेऊन फिरत होता. त्याची दाढी एका बाजूने करपलेली होती. तो तोमासोच्या बायकोचा भाऊ, अम्ब्रोजो.

दोघांनाही इंग्रजी मोडकेतोडकेच येत होते.

"तू सारखा असाच फिरतोस?" विनीने विचारले.

"बसलो की झोपतो. झोपलो की माती तडकते. तडकली की वारा आत शिरतो आणि सगळ्याची राख."

"ही रास झाली की पुढची कुठली?"

त्याने काठीने टेकडी दाखवली.

"दाणा अजून दुधाळ आहे," ती म्हणाली. "एक हिव पडू दे. आम्ही झोडून घेतो."

"कापोला सांग."

"सांगितलं. त्याने टोपी काढून नमस्कार केला, आणि मी वळल्यावर दोन कुऱ्हाडी जास्त काढायला लावल्या."

अम्ब्रोजो हसला. मग हसू ओसरले आणि तो चालू लागला. विनी त्याच्या बरोबरीने चालली. चालता चालता त्याने सांगितले, की त्याच्या गावी चेस्टनटची झाडे आहेत. हिवाळाभर तिथे तेच खातात. चेस्टनटवर कुऱ्हाड टाकणाऱ्याला त्याच्या आईने उंबऱ्याच्या आत घेतले नसते.

"रास रिकामी झाल्याशिवाय कापो नवं झाड पाडत नाही," तो म्हणाला. "तोडलेलं लाकूड उघड्यावर पडलं की दुसऱ्या टोळ्या पळवतात. म्हणजे ही जोवर धुमसते आहे..."

राशीच्या पायाशी हवेसाठी ठेवलेल्या भोकांपैकी एक त्याने टाचेने माती ढकलून बुजवले. थोडे पुढे जाऊन दुसरे बुजवले.

तेव्हापासून ती रास इतकी हळू धुमसू लागली, की तशी कुणी पाहिली नव्हती म्हणे. पण हळू जाळणे सोपे नसते. विस्तव जरा कमी झाला तर विझतो, आणि एक भेग राहिली तर भडकतो. अम्ब्रोजोने राशीजवळून हलायचे सोडले. जेवायचा तोही चालता चालता.

दुसरी पंचाईत धुराची होती. लाकूड कच्चे असताना धूर पांढरा निघतो, कोळसा तयार होत आला की निळसर. तोमासो रोज सकाळी खालच्या तळावरून धुराचा रंग पाही. यावर तोड काढली ली युन या चिनी भाजीवाल्याने. तो गाढवावर भाजी लादून तळावर यायचा. त्याने कोबीची ओली, सडकी पाने वर आणून दिली. ती भोकांत कोंबली की धूर कापसासारखा पांढरा निघे.

"माझा कोबी तुमचे लोक खात नाहीत, आता डोंगर खातोय," ली अम्ब्रोजोला म्हणाला. "निदान तो मीठ कमी आहे म्हणत नाही."

"तू का या भानगडीत पडतोस?" विनीने विचारले.

"तुझे लोक दाणे देऊन माझा मुळा घेतात. दाणे संपले तर तुम्ही जाल. मग मी मुळा कुणाला विकू, खाणीतल्या उंदरांना?"

एके दिवशी तोमासो स्वतः वर आला. राशीला फेरी मारून म्हणाला, "ही रास आहे की अडलेली बाई? मोकळी कधी व्हायची?"

"लाकूड हट्टी आहे," अम्ब्रोजो म्हणाला.

"धुराला कोबीचा वास येतो."

"माझं जेवण आहे."

तोमासोने त्याच्याकडे नीट पाहिले. "तू खाली येऊन झोप. इथे दुसरा माणूस ठेवतो. तुझ्या बहिणीला शब्द दिलाय, तुला धड परत नेईन म्हणून."

विनी झाडाआडून ऐकत होती. दुसरा माणूस आला, की पहिले काम म्हणून भोके मोकळी करणार.

"ही माझी रास आहे," अम्ब्रोजो म्हणाला. "मध्ये सोडली तर पुन्हा कुठल्या राशीला हात लावणार नाही."

कोळशेवाल्याची ही आडमुठी ऐट तोमासोला ठाऊक होती. तो कुरकुरत खाली गेला, आणि तयार कोळशाच्या गाड्या घेऊन दूरच्या भट्ट्यांकडे निघाला.

दुसऱ्या सकाळी लीने विनीला बाजूला घेतले. "त्याचे ओठ पाहिलेस? फार लाल झालेत. रेल्वेच्या बोगद्यात काम करताना माझ्या सोबत्यांचे असेच झाले होते. कोंडलेल्या धुरातला विषारी वायू आहे हा. दिसत नाही, पण आत जातो."

विनी अम्ब्रोजोकडे गेली. "भोकं उघड. खाली जा."

"उघडली तर रास लगेच उरकेल."

"मग बस तरी. मी फिरते, तू सांगशील तसं करते."

"आत्ता बसलो तर उठणार नाही," तो म्हणाला, आणि पुढे गेला.

ती आणखी एकदा सांगू शकली असती. काठी हातातून ओढून घेऊ शकली असती. पण वर शंकू मिटलेले होते आणि पालात आई खोकत होती. ती नुसती त्याच्याबरोबर चालत राहिली. ती थकली की तिचा भाऊ चाले, तो थकला की टोळीतला एखादा लाकूडतोड्या. अम्ब्रोजो एकटाच न बदलता चालत होता.

मग एका पहाटे जमीन पांढरी झाली. ऊन चढले तसे झाडाझाडांवर शंकू उमलू लागले, आणि सगळ्या टेकडीवर टिकटिक असा बारीक आवाज सुटला. अम्ब्रोजो थांबला, त्याने ऐकले. काठी मातीत रोवली, चढ चढून गेला आणि एका झाडाला टेकून बसला. त्याला बसलेला विनीने पहिल्यांदाच पाहिला.

बायका, पुरुष, मुले काठ्या घेऊन आली. "ते झाड शेवटी झोडा," विनी हळू आवाजात म्हणाली. "झोपू दे त्याला."

टोपल्या भरू लागल्या. ऊन त्याच्या तोंडावर आले, तरी तो हलला नाही. एक निळा पक्षी त्याच्या बुटावर उतरला आणि तिथे पडलेला दाणा निवांत फोडू लागला. तेव्हा विनीच्या हातातली काठी गळून पडली.

तोमासोची वाट पाहून शेवटी सगळ्यांनी मिळून अम्ब्रोजोला टेकडीवरच पुरले. कोळशेवाल्याच्या उशाशी उभ्या झाडाला कोळशेवाला कधी हात लावत नाही, असे एक लाकूडतोड्या बोलून गेला. विनीने ते ऐकले. सगळे उतरून गेल्यावर ती फांदी घेऊन वाकली, आणि झाडांची वाळलेली, सुईसारखी पाने जमिनीवर पसरत राहिली. खड्डा कुठे होता हे तिच्या स्वतःच्याही डोळ्यांना कळेना, तेव्हाच ती थांबली.

तोमासोला वाटेतच बातमी कळली होती. तो परतला तो कबरीवर लावायला हाताने केलेला लाकडी क्रूस घेऊन. तेव्हा टेकडीवर लोक बसून नवी पेज पीत होते. त्याने पहिल्या लाकूडतोड्याला विचारले, कुठे आहे? त्याने एक झाड दाखवले. दुसऱ्याने पलीकडचे दाखवले. लीने ओढ्याकडचे. तोमासो क्रूस खांद्यावर घेऊन झाडांमागून झाडे फिरला. शेवटी विनीसमोर आला.

"तू तरी खरं सांग. त्याच्या बहिणीला मी काय सांगू?"

विनीला त्याच्याकडे पाहवेना. खरे सांगावे तर एक झाड राहील आणि बाकीची जातील. तिने हात उचलला आणि माथ्यावरचे सर्वांत दूरचे झाड दाखवले.

तोमासोने त्या झाडाकडे पाहिले, मग खालच्या, मग ओढ्याकडच्या.

"म्हणजे सगळीच," तो म्हणाला.

"सगळीच," विनी म्हणाली.

त्याने क्रूस खाली ठेवला. एका म्हातारीने पेजेचा वाडगा पुढे केला आणि आपल्या शेजारची जागा हाताने झाडून दिली. त्याने वाडगा घेतला, पण तो बसला नाही.

"बसायला तो एकटा बसलाय," तो म्हणाला. "आज मान त्याचा."

आणि त्याने उभ्यानेच पेज प्यायली. ते पाहून बसलेले सगळे एकेक करून उठले.

आजही दाणे झोडायच्या दिवशी टेकडीवर कुणी बसत नाही. शोशोनी येतात, बर्नास्कोनी येतात, लीच्या घराण्यातले कुणी ना कुणी दूरवरून गाडी चालवत येते. मुले दमली की त्यांना खांद्यावर घेतात. म्हातारी माणसे झाडांना टेकतात, पण उभीच राहतात. रोझलीनबाईंचे गुडघे आता दुखतात, तरी त्याही वाडगा हातात घेऊन उभ्या असतात.

गोष्ट संपल्यावर कुणीतरी विचारतेच, की खरे झाड कोणते? रोझलीनबाई क्षणभर टेकडीकडे पाहतात, आणि मग हात उचलून एक झाड दाखवतात. आधीच्या गाडीतल्या लोकांना त्यांनी दुसरे दाखवलेले असते.