तहानलेला मोगरा

एका राज्यात उन्हाळा राजापेक्षाही कडक होता. राजाच्या हुकमातून पळवाट तरी निघे, उन्हातून निघत नसे. नद्या वाळूला मिळत, गुरे सावलीसाठी भांडत. पण देवाने एका हाताने नेले ते दुसऱ्या हाताने दिलेही होते. चैत्र उजाडला की त्या राज्यातले एकही अंगण फुलांवाचून राहत नसे. कुणाच्या दारी मोगरा, कुणाच्या दारी अनंत, तर कुणाकडे नुसती भिंतीवर चढलेली जाई. संध्याकाळी आंधळ्यालाही आपले घर वासावरून सापडे.

त्या राज्याची राणी मेधावती. तिला एकुलती एक लेक, इंदुला, वय वर्षे सात. इंदुलाने राणीवशाच्या अंगणात तुळशीशेजारी मोगऱ्याचे रोप लावले होते, आणि पहिल्या फुलासाठी ती साऱ्या महालाकडून लाच उकळत होती. आईला मात्र तिने सवलत दिली होती. "पहिलं फूल तुझं. पण रोज एक गोष्ट जास्त सांगायची."

फूल यायच्या आत पोरीला ताप भरला. तापात पाण्याचा थेंब द्यायचा नाही, असा त्या काळच्या वैद्यांचा दंडक. राणी भरले फुलपात्र हातात धरून उशाशी बसली. पोर "आई, पाणी" म्हणत होती आणि राणी वैद्याकडे बघत होती. वैद्य मान हलवत होता. तिसऱ्या दिवशी पोर गेली. फुलपात्र भरलेलेच राहिले.

मार्गशीर्षात कोंडाजी माळी खुरपे घेऊन अंगणात आला. म्हातारा हात जोडून म्हणाला, "राणीसरकार, मोगऱ्याचं पाणी तोडायचं. पानं ओरबाडायची. ताण दिल्याबिगर कळी धरत न्हाई."

"माझं लेकरू तहानेलं गेलं, कोंडाजी. त्याचं रोप मी तहानेलं ठेवू?"

माळ्याने खुरपे कमरेला खोचले आणि तो आल्या वाटेने परत गेला.

राणी तिथेच थांबली असती तर बरे झाले असते. पण दुःखाला शहाणपण कुठले! माळापलीकडे गुहेत एक मांत्रिक राही. ती त्याच्याकडे गेली. म्हणाली, "माझं रोप कधी तहानू नये."

मांत्रिकाने तांब्याची झारी पुढे केली. "ही कधी आटणार नाही. मोल काय देशील?"

"मागशील ते."

"तुझं रडणं दे."

राणीला वाटले, सौदा स्वस्तात पडला. त्या दिवसापासून तिचे डोळे कोरडे झाले आणि झारी वाहू लागली. मांत्रिकाने पुढचे सांगितले नाही, राणीने विचारले नाही.

पुढचे असे झाले, की चैत्र आला आणि एकाही अंगणात फूल उमलले नाही. झाडे हिरवीगार, पण कळी नाही. नवऱ्यामुली पानांचे हार घालून सासरी गेल्या, देव बेलावर भागवू लागले. एक वर्ष गेले, दोन गेली, सात गेली. राणीला त्याचे काहीच नव्हते. कारण तिच्या मोगऱ्यावर एक साळुंकी येऊन राहिली होती, आणि ती रोज भर दुपारी इंदुलाच्या आवाजात म्हणे, "आई, पाणी." राणी धावत जाई, झारी ओती. फांद्या, पाने, पाखरू, सारे भिजवी. त्या घटकेपुरता तिचा जीव थंड होई.

सातव्या पौषात साळुंकी निराळेच बोलली. "आई, माझ्यासोबतच्या सगळ्या गेल्या. मला उडता येत नाही."

"का गं?"

"माझे पंख कधी वाळतच नाहीत."

राणीने झारी खाली ठेवली. आपण लेकीला पाणी पाजत नव्हतो, बांधून ठेवत होतो, हे तिला कळले. कळले, पण रडता येईना.

ती पुन्हा गुहेपाशी गेली. मांत्रिक म्हणाला, "तीन कामं आहेत. झारी डोक्यावर घेऊन माळ तुडवत ये, वाटेत एक घोट घेऊ नकोस. मग रोपाची सारी पानं स्वतःच्या हाताने तोड. मग एकवीस दिवस त्याच्यापुढे बस, आणि पाणी देऊ नकोस."

"पाखरू पाणी मागेल."

"मागेल."

पहिले काम तीन दिवसांचे. माळावर झाड नाही, विहीर नाही. डोक्यावर झारी डुचमळत होती आणि राणीची जीभ टाळूला चिकटली होती. तहान म्हणजे काय, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळले. झारी मांत्रिकापुढे ठेवताना तिचे ओठ फुटून रक्त आले होते.

दुसरे काम सकाळचे. कोंडाजी खुरपे घेऊन आला, पण तिने त्याला नुसते मुळे मोकळी करायला सांगितले. पाने तिने तोडली. शेवटी रोपाच्या काड्या उरल्या, तापातल्या पोरीच्या हातांसारख्या.

तिसरे काम सर्वांत सोपे. नुसते बसायचे. रोज भर दुपारी साळुंकी म्हणे, "आई, पाणी." राणी हात मांडीखाली दाबून बसे. बाराव्या दिवशी ती उठली, माठापर्यंत गेली, फुलपात्र भरले. कोंडाजी म्हणाला, "राणीसरकार, मुळं जित्ती हायती." एवढेच म्हणाला. राणीने पाणी माठात परत ओतले आणि जागेवर येऊन बसली.

एकविसाव्या दुपारी साळुंकीने पंख झटकले. एक थेंबही उडाला नाही.

"आई, आता तहान नाही."

"थांब गं जरा. तुझी एक गोष्ट राहिली आहे."

"सांग."

राणीने गोष्ट सांगितली. साळुंकीने ती पुरती ऐकली, आणि कुंपणावरून उडून गेली. तेव्हा राणी रडली. सात वर्षांचे रडली. ते पाणी मोगऱ्याच्या मुळाशी पडत राहिले आणि माती ते पीत राहिली.

चैत्रात साऱ्या राज्याची अंगणे एका रात्रीत पांढरी झाली. लोक रस्त्यात उभे राहून हसले, देवांना हार मिळाले, सात वर्षे अडून बसलेल्या हट्टी मुलींची लग्ने झाली. मांत्रिकाच्या गुहेत झारी आटली.

राणीवशाच्या अंगणात फक्त एक फूल उमलले होते. राणीने ते खुडले, आणि तेच जुने फुलपात्र माठातून भरून त्यात सोडले. शेजारी एक पाट रिकामा होता. त्याच्याकडे बघत, सावकाश, ती सगळे पाणी प्यायली.

तिचा उन्हाळा असा सरला. तुमचाआमचाही सरो.