सड्यावरच्या रेघा

खाडीकाठच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, माणसाची पायवाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. त्या कातळावर कोणीही रेघ ओढावी आणि कोणीही वाचावी, अशी रीत होती. उन्हाळ्यात जमीन किती तापली ते टिटवी कोरायची, वारा कुठून आला ते कुरव पक्षी कोरायचा.

खेकडा मात्र उधाणाचं पाणी कुठवर चढलं याच्या खुणा आपल्या बिळाच्या भिंतीवर ठेवायचा. "पाण्यात मी उभा राहतो, मग रेघ माझीच," तो म्हणायचा.

पण पाणी वर वर का सरकतंय, हे त्याला उमगेना. शेवटी तो म्हणाला, "टिटवीताई, तुमच्या सगळ्या रेघा माझ्या बिळात आणून दे. मी बघतो."

टिटवी हसली. "अरे, सडा बिळात कसा मावेल? तूच तुझ्या खुणा घेऊन वर ये."

खेकडा कुरकुरत वर आला आणि आठवून आठवून त्याने बाकीच्यांशेजारी आपल्या रेघा ओढल्या. टिटवी, कुरव आणि खेकडा, तिघांनी त्या जुळवून पाहिल्या. ज्या ज्या वर्षी जमीन फार तापली आणि वारा समुद्रावरून आला, त्या त्या वर्षी पाणी चढलं होतं. यंदा दोन्ही झालं होतं.

काठावरची सगळी घरटी आणि बिळं वर हलली. पुढच्या उधाणात खेकड्याचं जुनं बीळ भिंतीसकट वाहून गेलं, पण एक अंडंही गेलं नाही.

मग एकदा लांबून आलेलं एक बदक सड्यावर उतरलं. "यातल्या तुझ्या रेघा कोणत्या?" त्याने खेकड्याला विचारलं.

खेकड्याने नांगी उंचावून अख्खा सडा दाखवला. "या सगळ्या. तुझ्याही काढ. जागा आहे."