न वाचलेली नोंद

एकदा एका औषधवितरण संस्थेत एक वयोवृद्ध तज्ज्ञ सर्व्हरची देखभाल करीत असत. दीडशे रुग्णालयांच्या मागण्या त्या एका यंत्रावरून जात. सारे त्यांना नुसते सर म्हणत. हेमांगी ही त्यांची सहा वर्षांची शिष्या. सरांच्या मागे त्यांचे काम आपणच पाहणार, हे तिने मनाशी धरलेले होते.

त्या वर्षी शिवांजली नावाची नवी शिष्या आली. सरांनी तिला सर्व्हरवर एका वेळी आठ कामे चालवण्याची मुभा दिली आणि हेमांगीची मर्यादा आठावरून चारवर आणली. कारण सांगितले नाही. हेमांगीनेही विचारले नाही. विचारण्यात तिला कमीपणा वाटला. सर शिवांजलीला काही समजावत बसले की हेमांगीचा जळफळाट होई.

शेवटी तिने गुपचूप एक गोष्ट केली. शिवांजलीच्या प्रत्येक कामाची बारीकसारीक नोंद व्हावी अशी व्यवस्था लावली आणि त्या नोंदीच्या फायलीची आकारमर्यादा काढून टाकली. एखादी चूक सापडली की ती सरांपुढे ठेवायची होती. तीन आठवडे ती रोज ती फाईल चाळत राहिली. चूक सापडेना, फाईल मात्र फुगत गेली.

एका सोमवारी सकाळी डिस्क काठोकाठ भरली आणि सर्व्हर थांबला. मागण्या अडकल्या. इन्शुलीनची शीतगाडी अकराला सुटायची होती. आपल्याच आठ कामांनी घात केला असे वाटून शिवांजली रडवेली झाली. हेमांगीने तिला तसे वाटू दिले.

सरांनी सर्वांत मोठी फाईल शोधली. ती उघडली असती तर पहिल्याच ओळीत हेमांगीचे नाव दिसले असते. सरांनी ती न उघडताच पुसून टाकली. गाडी वीस मिनिटे उशिरा सुटली.

दुपारी हेमांगी त्यांच्यापुढे उभी राहिली. “सर, ती नोंद माझी होती. तुम्ही वाचली का नाही?”

“फायलीची मर्यादा काढायचा अधिकार इथे दोघांनाच आहे, तुला आणि मला,” सर म्हणाले. “वाचायची गरज नव्हती. तुझ्या कामांची मर्यादा मी कमी केली, कारण जड कामं तुझ्याकडे आहेत. तुझं एक काम तिच्या दहा कामांइतका भार टाकतं. तशी आठ एकदम चालली की बाकीची ताटकळतात. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, ती माझी चूक. नोंद जरूर ठेवावी, पण काम सुधारण्यापुरती. दुसरा चुकावा म्हणून ठेवलेली नोंद कधी पुरी होत नाही, आणि शेवटी कामालाच जागा उरत नाही.”

हेमांगी तडक शिवांजलीकडे गेली आणि सारे सांगून टाकले. शिवांजली दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र, फायलीची मर्यादा कशी ठरवायची, असे तिने येऊन विचारले. हेमांगीने तिला शेजारी बसवून घेतले.