चौथे यंत्र

एकदा एका वृद्ध गुरूंनी छान चालू असलेले यंत्र स्वतःच्या हाताने बंद केले. तेही सकाळी अकरा वाजता, आणि यंत्र कसले, तर रक्तदात्यांच्या संस्थेचे! शेजारी बसलेली त्यांची शिष्या रेवती किंचाळलीच. या गुरूंना सगळे नरसाळेसर म्हणत. उभा जन्म संगणकांच्या सहवासात काढूनही ते माणसांत राहिले होते, हे विशेष.

संस्थेचे काम सोपे, पण जीवनमरणाचे. रुग्णाचे नातेवाईक फोन करून रक्तगट सांगत, आणि रेवतीने घडवलेली प्रणाली जवळचे दाते शोधून त्यांना निरोप धाडी. आधी हे सारे कार्यालयातल्या एकाच संगणकावर चाले. गर्दी झाली की तो धापा टाकी. म्हणून रेवतीने क्लाउडवर तीन यंत्रे घेतली. क्लाउड म्हणजे काही आभाळात नसते हो. दूरच्या कुठल्याशा शहरात, एखाद्या इमारतीत रांगेने मांडलेले संगणक, आपण लागतील तेवढे वापरायचे. त्या तिघांपुढे तिने एक द्वारपाल, म्हणजे काम वाटणारा प्रोग्राम, बसवला. येणारे काम तो तिघांत वाटून देई, त्यामुळे एकाची दमछाक आणि दुसरा स्वस्थ, असे होत नसे.

एवढे करूनही रेवतीच्या खांद्यावरची लॅपटॉपची पिशवी काही उतरेना. देवळात जा, लग्नाला जा, पिशवी सोबत. कुठे काही अडले की फोन तिलाच. तिकडे चिपळूणजवळच्या गावी तिची आई एकटी राहत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनची तारीख रेवतीने दोनदा पुढे ढकलली होती, आणि "तू आल्याशिवाय मी टेबलावर चढायची नाही," असे आईने निक्षून सांगितले होते. आता तिसरी तारीख पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची. याउपर उशीर नको, असे डॉक्टरांनी बजावले होते. तीही चुकणार, असे रेवतीने मनातल्या मनात धरूनच ठेवले होते.

तर त्या सोमवारी सरांनी सहज विचारले, "यंत्रं किती गं आपली?"

"तीन, सर."

"त्यातलं एक मेलं तर?"

"उरलेली दोन सांभाळतील की!"

"बरं," सर म्हणाले आणि त्यांनी रेवतीच्याच लॅपटॉपवरून पहिले यंत्र बंद केले. बघता बघता तिन्ही यंत्रे मुकी झाली.

"अहो सर, हे काय केलंत? तिकडे लोकांचे जीव टांगणीला लागलेत!"

सरांनी समोर बोट दाखवले. फोन घेणाऱ्या सावंतबाई जुनी दात्यांची वही उघडून बसल्या होत्या, आणि सोबत दोन कार्यकर्तेही होते. "एक तासभर ही माणसं वहीवरून सांभाळतील, मी बघून ठेवलंय. तू एवढंच शोध, बाकीची दोन का थांबली?"

रेवतीने पाव तासात शोधले आणि तिचा चेहरा उतरला. काम तिघांत वाटले होते खरे, पण दात्यांची यादी फक्त पहिल्यापाशीच होती. बाकीची दोघे दर वेळी त्यालाच विचारायला जात.

"पंगतीला वाढपी तीन केलेस, फार चांगलं केलंस," सर हसून म्हणाले. "पण आमटीचं पातेलं एकाच्याच हातात! त्याचा पाय घसरला, की बाकीचे दोघे नुसती पळी घेऊन उभे."

डोळ्यांत पाणी असूनही रेवतीला हसू आले. यंत्र पुन्हा चालू करून मग आठवडाभर ती झटली. यादीची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवली, आणि तिसरे यंत्र पार वेगळ्या शहरात घेऊन एक त्यावर, कारण एकाच इमारतीत सगळे ठेवले आणि तिथलीच वीज गेली तर काय? एकीत नोंद झाली की दुसऱ्या दोन्हींत आपोआप होई. द्वारपालालाही तिने शिकवले, की घडीघडीला प्रत्येक यंत्राला 'आहेस ना?' असे विचारायचे, आणि उत्तर आले नाही तर त्याच्याकडे काम पाठवायचे नाही.

पुढच्या सोमवारी सरांनी पुन्हा पहिले यंत्र बंद केले. फोन येत राहिले, निरोप जात राहिले. सावंतबाईंना तर पत्ताही लागला नाही. रेवतीने आनंदाने टाळी वाजवली.

"आता चौथं बंद करू," सर म्हणाले.

"चौथं? सर, तीनच तर आहेत!"

सरांनी हात पुढे केला. "लॅपटॉप दे. संस्थेचा फोनही दे."

रेवतीने पिशवी पोटाशी धरली. "अहो, पण काही अडलं तर? सगळे पासवर्ड माझ्याकडे, कुठे काय आहे ते माझ्याच डोक्यात..." आणि ती बोलता बोलता थांबली. आपण काय बोललो ते तिचे तिलाच ऐकू आले होते.

सर हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, पातेलं अजून एकाच्याच हातात आहे. यंत्रांना तू पडायची मुभा दिलीस, स्वतःला कधी दिली नाहीस. भार वाटणं म्हणजे अंग काढून घेणं नव्हे गं. आपण नसतानाही काम चालावं, इतकी त्याच्यावर माया करणं."

पुढचे दोन दिवस रेवतीने डोक्यातले सारे वहीत उतरवले, साध्या मराठीत. सावंतबाईंनी एक यंत्र बंद करून पुन्हा उठवले. "माझ्या हातून काही बिघडलं म्हणजे गं?" त्यांनी विचारले. "बिघडू दे. तुम्हीच नीट कराल, पान सात बघा." बुधवारी संध्याकाळी रेवती एसटीत बसली. वाटेत तिचा हात सारखा रिकाम्या खांद्याकडे जात होता.

गुरुवारी आईचे ऑपरेशन झाले. शुक्रवारी डोळ्यावरची पट्टी सुटली. आई लेकीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "रेवू, कानामागचे केस पिकले की गं तुझे! कधीपासून?" रेवतीला स्वतःलाच ते ठाऊक नव्हते. तिने आईच्या मांडीत तोंड लपवले आणि मनसोक्त रडून घेतले.

मंगळवारी ती परतली आणि आधी वही उघडली. सावंतबाईंच्या अक्षरात लिहिले होते, 'शुक्रवार, दुपारी दोन. दुसरे यंत्र पडले. पान सात पाहून उठवले. रेवतीला कळवावे लागले नाही.' शेवटचे वाक्य तिने दोनदा वाचले.

"दुखलं का?" सरांनी विचारले.

"थोडं."

"दुखायचंच. आईला दिसायला लागलं ना?"

"स्वच्छ दिसतं, सर. माझे पांढरे केससुद्धा."

त्या संध्याकाळी रेवती घरी निघाली, तेव्हा लॅपटॉप कार्यालयातल्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली सावंतबाईंकडे होती.