नदीपलीकडची शीळ

"...म्हणजे हे सगळं बाहेरच्यांनीच घडवलं ना, बाबा?"

शम्सबाबा फकीर कबुतरांना जोंधळे टाकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा काही ऐरागैरा नव्हता. देशाचा पंतप्रधान होता तो, वाहिद बेग. उत्तराची वाट बघायची सवय त्याला कुठली असणार?

नदीवर संध्याकाळचं धुकं उतरत होतं. पलीकडचा काठ दुसऱ्या देशाचा. तोही आता दिसेनासा झाला होता.

राजधानीच्या चौकात माणसं सरकारविरुद्ध ठाण मांडून बसली होती. वाहिदचा एकुलता एक मुलगा, रेहान, त्यांच्यातच होता. बापानं त्याला खोलीत कोंडलं, तर पठ्ठ्या खिडकीतून पळाला. सकाळी फौजेला हुकूम द्यायचा की नाही, हे वाहिदला आजच ठरवायचं होतं. डोळ्याला डोळा लागला नव्हता. समोरची झाडं, झोपडी, फकीर, सगळं तरंगतंय असं त्याला वाटत होतं.

"एकदा 'हो' म्हणा, बाबा. शत्रूचा कट असेल तर गोळी चालवायला मी मोकळा."

बाबांनी एक पांढरं कबुतर उचलून त्याच्या हातात दिलं.

"धर."

तेवढ्यात धुक्यातून शीळ आली. लांबलचक, गोड. पलीकडचा कबुतरवाला दाणे पसरून दुसऱ्यांची पाखरं आपल्याकडे वळवत होता. वाहिदच्या हातातलं कबुतर फडफडलं. त्यानं बोटं आवळली.

"बघा! हेच म्हणतोय मी. तिकडून पैसा येतो, तिकडचा रेडिओ पोरांना भडकवतो..."

"भडकवतो. शीळ खरीच आहे."

वाहिदला हायसं वाटलं.

"आणि भाकरी कुणी महाग केली?"

"परदेशी बँकेच्या कर्जाची अट होती."

"सही?"

"...माझी."

"त्यावर जे ओरडले, ते कुठं आहेत?"

"तुरुंगात..."

बाबा उठले. खुराड्याची सगळी दारं त्यांनी सताड उघडली. अख्खा थवा उठला आणि नदीवरच्या धुक्यात विरून गेला.

वाहिद पुढे धावला. म्हातारा वेडा तर नाही ना?

"अहो, गेली सगळी! काहीतरी करा!"

बाबा खाली बसले.

शीळ वाजत राहिली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पंखांची सळसळ झाली आणि धुक्यातून पाखरं उतरू लागली. सगळी नाही, काही तिकडेच राहिली. पण तिकडचं एक करडं पाखरू यांच्या सोबतीनं आलं होतं. बाबांनी त्याच्यापुढेही जोंधळे टाकले.

वाहिद बघत राहिला. आता त्याला कट आठवेना, फौज आठवेना. फक्त पोराचा चेहरा दिसत होता.

"बाबा... माझा रेहान घरी येईल का हो?"

शम्सबाबांनी त्याच्या आवळलेल्या हातांकडे पाहिलं.

"हातातलं कबुतर जिवंत आहे का, आधी बघ."