चिमी चिचुंद्री आणि बंबातला गाळ

ऐका हं. पाय पांघरुणात घ्या, म्हणजे सांगते.

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चिमी.
नाक लांब. डोळे बारीक. राग मात्र हा एवढा मोठा!

चिमीला होती तीन पिल्लं. पहिलं पिल्लू आईची शेपटी धरायचं. दुसरं धरायचं पहिल्याची. तिसरं धरायचं दुसऱ्याची. मग सगळी निघायची. तुरुतुरु, तुरुतुरु.

चिमीचं घर भिंतीच्या भोकात. त्या भोकातून जायची एक नळी. परसात होता पाणी तापवायचा बंब. बंबातलं ऊन ऊन पाणी नळीतून न्हाणीत जायचं. नळी तापायची. पिल्लं नळीला पाठ लावून झोपायची. घुर्र, घुर्र, घुर्र.

एकदा काय झालं? सकाळी नळी गार! अगदी गारगार!
पिल्लं कुडकुडली. कुडकुड, कुडकुड.
"चूं चूं! आई, ऊब कुठे गेली?"

चिमी रागावली. "माझ्या पिल्लांची ऊब! कुणी नेली? आत्ता जाब विचारते!"

"नळी, नळी, तू ताप!"

नळी म्हणाली, "मी नाही तापत जा! आधी बंबाला पाणी सोडू दे."

"हा कुठला न्याय?" चिमी म्हणाली.

निघाली चिमी. तुरुतुरु, तुरुतुरु. पुढे आई, मागे पिल्लं. शेपटी कुणी सोडली नाही.

परसात उभा होता बंब. तांब्याचा बंब. बाहेरून कसा? चकचक, चकचक! पोटात जाळ. धडधड, धडधड!

"बंबा, बंबा, ऐकतोस का?
नळी काही तापेना,
पिल्लांची थंडी जाईना!
तू पाणी सोड!"

बंब म्हणाला, "मी नाही सोडत जा! पाणी तापलंय माझं. पण तळाशी गाळ बसलाय. नळीच्या तोंडावरच बसलाय. आधी गाळाला हलू दे."

"हा कुठला न्याय?" चिमी म्हणाली.

गेली बंबाच्या मागे. तुरुतुरु, तुरुतुरु. पुढे आई, मागे पिल्लं. शेपटी कुणी सोडली नाही.

आत बसला होता गाळ. काळा गाळ. चिकट गाळ. डुबुक, डुबुक! आळशी मेला!

"गाळा, गाळा, ऐकतोस का?
बंब पाणी सोडेना,
नळी काही तापेना,
पिल्लांची थंडी जाईना!
तू जागचा हल!"

गाळ म्हणाला, "मी नाही हलत जा! मला इथं छान वाटतं. कुणी उठवलंच नाही कधी. आधी काथ्याला खरवडू दे."

"हा कुठला न्याय?" चिमी म्हणाली.

गेली मोरीत. तुरुतुरु, तुरुतुरु. पुढे आई, मागे पिल्लं. शेपटी कुणी सोडली नाही.

खुंटीला लटकला होता काथ्या. भांडी घासायचा काथ्या. दाढी कशी? खरखर, खरखर!

"काथ्या, काथ्या, ऐकतोस का?
गाळ जागचा हलेना,
बंब पाणी सोडेना,
नळी काही तापेना,
पिल्लांची थंडी जाईना!
तू गाळ खरवड!"

काथ्या म्हणाला, "मी नाही खरवडत जा! मला का हात आहेत? आधी घरातल्या गोदूआत्याला मला हातात घेऊ दे."

"हा कुठला न्याय?" चिमी म्हणाली.

गेली न्हाणीच्या दारात. तुरुतुरु, तुरुतुरु. पुढे आई, मागे पिल्लं. शेपटी कुणी सोडली नाही.

पाटावर बसली होती गोदूआत्या. डोक्याला तेल. खांद्यावर पंचा. तीसुद्धा कुडकुडत होती, आणि वर चिडली होती.
"पाण्याचा थेंब नाही! कालच बंब घासला. चिंच लावून घासला. तोंड दिसेल इतका लख्ख केला! तरी पाणी नाही म्हणजे काय?"

"आत्या, आत्या, ऐकतेस का?
काथ्या गाळ खरवडेना,
गाळ जागचा हलेना,
बंब पाणी सोडेना,
नळी काही तापेना,
पिल्लांची थंडी जाईना!
तू काथ्या घे!"

आत्या म्हणाली, "मी नाही घेत जा! मी अजून पारोशी आहे. आंघोळ झाल्याशिवाय मी कशालाही हात लावत नाही. आधी ऊन पाणी येऊ दे. मग आंघोळ. मग काथ्या!"

चिमी बघतच राहिली.
"अगं आत्या, पण तू काथ्या घेतल्याशिवाय ऊन पाणी येणार कसं?"

"ते मला नको सांगूस. आमच्याकडे असंच असतं!"

आता सांगा, हे काय बोलणं झालं?

तेवढ्यात मागून आवाज आला. आच्छी!
सगळ्यांत धाकटं पिल्लू शिंकलं. दात वाजत होते त्याचे. कडकड, कडकड! मग शेपटी धरणार कशी?
धाकट्यानं शेपटी सोडली.

झालं! चिमीच्या रागाचा पारा चढला.

"आत्या काथ्या घेईना,
काथ्या गाळ खरवडेना,
गाळ जागचा हलेना,
बंब पाणी सोडेना,
नळी काही तापेना,
पिल्लांची थंडी जाईना!
हा कुठला न्याय? हा कुठला न्याय? थांबा, दाखवतेच!"

चिमी धावली. गेली बंबापाशी. शेपटी केली ताठ.
चिचुंद्री चिडली की काय सुटतं? वास सुटतो!
भप्प!

"शी शी शी शी!" आत्या ताडकन उठली. नाकाला लावला पंचा. धावली परसात. "बंबाला कसला हा वास? आत काय मेलंय?"

आत्यानं जाळ बाहेर ओढला. पाणी निवू दिलं. झाकण काढलं. वाकून आत बघितलं.

"अगं बाई गं! एवढा गाळ! बाहेरून चकचक आणि आतून चिखल! आणि या पाण्यानं मी रोज न्हाते?"

चिमी म्हणाली, "पण आत्या, तू पारोशी ना?"

"पारोशी तर पारोशी! कुठे आहे तो काथ्या?"

आणि मग काय!

आत्यानं काथ्या घेतला. खसाखसा, खसाखसा!
काथ्यानं गाळ खरवडला. खरखर, खरखर!
गाळ जागचा हलला. बदाबदा, बदाबदा! केळीच्या आळ्यात जाऊन पडला.
आत्यानं बंब धुतला, भरला, पुन्हा पेटवला. धडधड, धडधड!
बंबानं पाणी सोडलं. सळसळ, सळसळ!
नळी मस्त तापली.
आणि पिल्लांची थंडी गेली!

पहिलं पिल्लू नळीला चिकटलं. दुसरं पहिल्याला चिकटलं. धाकटं दोघांच्या मध्ये शिरलं. घुर्र, घुर्र, घुर्र.

आत्या न्हाली. ऊन ऊन पाण्यानं न्हाली. मग भोकापाशी आली. हातात होती मऊ चिंधी, जुन्या लुगड्याची.
"घे गं, पिल्लांना अंथर. पण चिमे, वास काय गं तो तुझा!"

चिमीनं नाक वर केलं.
"वास माझा. पण गाळ कुणाचा?"

आत्या खुदकन हसली.

आता गोदूआत्या बंब कसा घासते, माहीत आहे? आधी आतून. मग बाहेरून. आणि कधी? सकाळी उठल्या उठल्या. पारोशीच!

गाळ गेला केळीपाशी,
ऊब आली पिल्लांपाशी,
तुम्ही या आता उशीपाशी.